घंगाळ ते शॉवर : अंघोळीच्या पाण्याचा जमाखर्च



रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी तुम्हीही काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. सोसायटीची नोंदणी, बिल्डरशी झालेली झटापट, कन्व्हेयन्स, लिफ्ट, गणेशोत्सव यांवर लिहिणारी माझ्यापेक्षा जाणकार मंडळी आपल्याकडे आहेत. मी उभा जन्म बँकेत काढला. जमेची बाजू आणि खर्चाची बाजू यापलीकडे मला फारसं काही येत नाही. तेव्हा म्हटलं, एका लहानशा वस्तूचा इतिहास लिहावा आणि त्याचाच जमाखर्च मांडावा. ती वस्तू म्हणजे आपल्या बाथरूममधला शॉवर.

हसू नका. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या दोन सर्वसाधारण सभा सर्वांत जास्त गाजल्या. एक पार्किंगवरून आणि दुसरी जुने शॉवर काढून पाणी वाचवणारे शॉवर बसवण्यावरून. पहिलीचा निकाल अजून लागायचा आहे. दुसरीचा लागला, आणि तो कसा लागला हे पुढच्या पिढीसाठी लिहून ठेवण्यासारखं आहे. पण त्याआधी थोडं मागे जाऊ.

पेशव्यांचं पाणी

पुण्यात पाणी नळाने आणण्याची कल्पना इंग्रजांची नाही. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शहरात आणलं गेलं. ते शनिवारवाड्यापर्यंत पोचलं आणि वाटेत पेठांतल्या हौदांत पडू लागलं. बदामी हौद, काळा हौद, फडके हौद ही नावं आजही रिक्षावाल्याला सांगावी लागतात, ती त्यामुळेच. या सगळ्या योजनेत कुठे पंप नव्हता. कात्रज उंचावर, शहर खाली. उताराने पाणी येई. मध्ये मध्ये उच्छ्वास बांधलेले होते, म्हणजे नळात कोंडलेली हवा आणि वाढलेला दाब मोकळा करणारे उभे खांब.

दाब हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे आपल्या सातव्या मजल्यावर तो पुन्हा भेटणार आहे.

पेशवाईतच शनिवारवाड्यात हजारी कारंजं उभं राहिलं. शॉवर म्हणजे उलटं टांगलेलं कारंजंच की. पण कारंजं बघायचं असतं, अंघोळ मात्र घंगाळात, तांब्याने. पेशव्यांचीही तशीच आणि हौदावर कावड भरणाऱ्याचीही तशीच. फरक घंगाळाच्या धातूत असेल, पद्धतीत नाही.

पुढे इंग्रजी अमलात १८७० च्या दशकात खडकवासल्याचं धरण उभं राहिलं. कर्नल फाइफ या अभियंत्याच्या नावावरून त्या जलाशयाला फाइफ तलाव म्हणत. मग घरात नळ आले, पण अंघोळीची रीत बदलली नाही. आला तो फक्त तांब्याचा बंब. सकाळी सालपं आणि गोवऱ्या घालून पेटवायचा, तोटीखाली बादली लावायची, विसण घालायचं, आणि बादली संपली की अंघोळ संपली. अंघोळीला घड्याळ नव्हतं, पण माप होतं.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. पूर ओसरला आणि मग लक्षात आलं की ज्या पाण्याने शहर बुडालं तेच पाणी आता नळाला नाही. आमच्या वाड्यातल्या आडावर बिऱ्हाडांची रांग लागायची. माझी आजी प्रत्येकाला दोन तांबे मोजून देई, एक अंगावर आणि एक साबण धुवायला. दोन तांब्यांत अंघोळ होते हे मी त्या वर्षी शिकलो. पुढे बँकेने विदर्भात आणि मराठवाड्यात बदल्या केल्या तेव्हा ते शिक्षण कामी आलं.

शॉवर मुळात काटकसरीसाठी

आता जरा सातासमुद्रापार जाऊ. हा भाग मला वाचताना फार मजेशीर वाटला.

१७६७ साली, म्हणजे इकडे थोरले माधवराव पेशवे असताना, लंडनमधल्या विल्यम फीटम नावाच्या शेगड्या बनवणाऱ्याने शॉवरचं पेटंट घेतलं. हातपंपाने पाणी डोक्यावरच्या भांड्यात चढवायचं आणि साखळी ओढली की ते अंगावर कोसळायचं. पाणी थंडगार. लंडनच्या थंडीत हे सुख कोणाला परवडणार? त्यामुळे तो फारसा चालला नाही. श्रीमंत माणसं टबात बसूनच अंघोळ करत राहिली.

शॉवर खऱ्या अर्थाने रुजला तो राजवाड्यात नव्हे, तुरुंगात. फ्रान्समधल्या रुआं शहराच्या तुरुंगात मेरी देलाबोस्त नावाचे डॉक्टर होते. शेकडो कैद्यांना स्वच्छ ठेवायचं तर प्रत्येकाला टब भरून कोमट पाणी कुठून आणायचं? वेळ, जळण, पाणी सगळंच अपुरं. म्हणून १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी कैद्यांना ओळीने उभं करून वरून कोमट पाण्याच्या धारा सोडायची व्यवस्था केली. टबाला लागणाऱ्या पाण्याच्या लहानशा हिश्श्यात माणूस स्वच्छ होऊ लागला. पुढे १८८३ साली बर्लिनच्या आरोग्य प्रदर्शनात ओस्कार लासार या त्वचारोगतज्ज्ञाने सामान्य लोकांसाठी असंच शॉवरचं स्नानगृह मांडलं. प्रत्येक जर्मन माणसाची आठवड्यातून एकदा तरी अंघोळ व्हावी, एवढी माफक त्याची इच्छा होती. (आपल्याकडे आठवड्यातून एकदा अंघोळ करणाऱ्याला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.)

म्हणजे बघा, ज्या देशांत टब होता तिथे शॉवर आला तो पाणी, जळण आणि वेळ वाचवणारा म्हणून. आपल्याकडे टब कधी नव्हताच, बादली होती. आपण बादलीवरून शॉवरवर गेलो. वस्तू एकच, पण तिकडे ती जमेच्या बाजूला लागली आणि इकडे खर्चाच्या. ही गोष्ट लक्षात न घेता परदेशातले आकडे इकडे चिकटवले की हिशेब चुकतो.

मग शॉवर उधळ्या कसा झाला?

तिकडे घरोघर दाबाचं पाणी आणि गरम पाण्याच्या टाक्या आल्या, तसा शॉवरचा तोंडवळा मोठा होत गेला. पुढे अमेरिकेत तेलाची टंचाई झाली, १९७६-७७ मध्ये कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, आणि लोकांच्या ध्यानात आलं की शॉवरखाली पाण्याबरोबर ते तापवायचं इंधनही गटारात जातं. १९९२ च्या ऊर्जा कायद्याने तिथे शॉवरला मर्यादा घातली गेली, मिनिटाला अडीच गॅलन, म्हणजे सुमारे साडेनऊ लिटर. १९९४ पासून ती लागू झाली. कायदा ऊर्जेचा होता हे विशेष. अलीकडे तर तिथे शॉवर हा राजकारणाचाही विषय झाला आहे. डिसेंबर २०२० मध्ये नियम सैल केला, डिसेंबर २०२१ मध्ये परत आवळला, एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा सैल करण्याचा आदेश निघाला. आपल्या पार्किंगच्या ठरावासारखंच!

ऑस्ट्रेलियात मोठा दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी २००५ मध्ये कायदा करून नळ, शॉवर आणि वॉशिंग मशिनवर पाण्याचे तारे छापायला लावले, जसे आपल्याकडे फ्रिजवर विजेचे असतात. मेलबर्नच्या बाजूला जुना शॉवर आणून द्या आणि नवा घेऊन जा अशी योजना निघाली. २००७ मध्ये क्वीन्सलँडच्या आग्नेय भागात माणशी रोज १४० लिटरचं उद्दिष्ट ठरलं आणि अंघोळ चार मिनिटांत उरकावी म्हणून घरोघरी वाळूची घड्याळं वाटली गेली. केपटाऊनवर तर २०१८ मध्ये माणशी ५० लिटरवर यायची वेळ आली होती. आपल्याकडे शहरी घरांसाठी योजना आखताना माणशी रोज १३५ लिटर धरतात. त्यावरून ५० लिटर म्हणजे काय याचा अंदाज यावा.

आणि फार लांब कशाला जायचं? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, मिळून सुमारे पाच लाख लिटर. मी जुन्या सवयीने तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ७५ लिटरच्या शॉवरने त्या अख्ख्या गाडीत साडेसहा हजारांच्या आसपास अंघोळी होतात. २० लिटरच्या बादलीने पंचवीस हजार. मार्च २०२४ मध्ये बंगळूरला बोअर आटले, तेव्हा तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने अपार्टमेंट आणि व्यापारी इमारतींच्या नळांना पाणी कमी सोडणाऱ्या जाळ्या बसवणं सक्तीचं केलं. आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही २०२१ मध्ये कमी पाण्याच्या नळ-शॉवरसाठी मानक काढलं आहे. तेव्हा हे काही फॅड राहिलेलं नाही.

आपली सोसायटी : वरचे आणि खालचे

आता घरी येऊ. आपली इमारत पार्किंगवर सात मजल्यांची. पंचवीस वर्षांपूर्वी राहायला आलो तेव्हा बाथरूममध्ये शॉवर होता याचंच अप्रूप होतं. पितळी, ताटाएवढा. पाहुण्यांना मुद्दाम सोडून दाखवायचे लोक.

पहिली काही वर्षं बरी गेली. मग उन्हाळ्यात टँकर सुरू झाले आणि सातव्या मजल्यावरच्या तक्रारी सुरू झाल्या. सकाळी सात ते नऊ त्यांच्या नळाला धड धार नसायची. कधी कधी नळातून पाण्याऐवजी फुसफुस हवा यायची. तिथे एकट्या राहणाऱ्या, ऐंशी ओलांडलेल्या आपल्या काकू पहाटे साडेचारला उठून बादल्या भरून ठेवायच्या. त्यांना विचारलं तर म्हणायच्या, "अहो, सात वाजले की खालचे शॉवर सुरू होतात, मग माझा नळ मरतो." आम्हाला वाटायचं, म्हातारपणी माणूस असं काहीतरी बोलतो. पुढे आपल्या प्लंबरनेच सांगितलं की काकूंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

कारण साधं आहे, पेशव्यांच्या उच्छ्वासाइतकं जुनं. गच्चीवरच्या टाकीतून पाणी आपल्या वजनाने खाली येतं. जितकं खाली जाल तितका दाब जास्त. सातव्या मजल्याच्या शॉवरवर टाकीतल्या पाण्याची उंची जेमतेम साडेतीन मीटर. पहिल्या मजल्याच्या शॉवरवर तीच साडेएकवीस मीटर, म्हणजे सहापट. दाब सहापट झाला की प्रवाह सहापट होत नाही, त्याच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे साधारण अडीचपट. आमच्या दोघा-तिघांच्या समितीने बादली आणि मोबाईलचं घड्याळ घेऊन घरोघर मोजलं. सातव्यावर मिनिटाला सहा लिटर, पहिल्यावर पंधरा. गणिताशी तंतोतंत जुळलं. आणि खालच्या सात-आठ घरांचे शॉवर एकदम उघडले की एकाच उभ्या पाइपातलं पाणी खाली खेचलं जातं, वरच्या नळाला हवा लागते.

म्हणजे पहिल्या मजल्यावरच्याची पाच मिनिटांची अंघोळ ७५ लिटरची. त्याला त्याची कल्पनाही नाही. पाणी जोरात येतं, तो आनंदात आहे. पण त्यातलं काही पाणी काकूंच्या बादलीतलं असतं.

सभा

समितीने ठराव आणला : सर्व घरांनी जुने शॉवर काढून मिनिटाला आठ लिटरचे बसवावेत, खर्च ज्याचा त्याने करावा. आणि सभा पेटली.

सातव्या मजल्यावरचे म्हणाले, "आमच्याकडे मुळात सहाच लिटर येतात, आम्ही कशाला खर्च करायचा?" खालचे म्हणाले, "आम्ही मेंटेनन्स सारखाच भरतो, मग आमच्याच पाण्यावर डोळा का?" एका सभासदाने शॉवर हा व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न आहे असं सांगितलं. दुसऱ्यांनी उभं राहून, "मी जन्मभर बादलीने अंघोळ करतो, मला कशात धरता?" असं विचारलं. त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

खालच्यांचा मुद्दाही सोडून देण्यासारखा नव्हता. आपल्या आदर्श उपविधींत पाण्याचा आकार प्रत्येक सदनिकेतल्या नळांची संख्या आणि आकारमान पाहून लावायचा, असं आहे. उपविधी नळ मोजतो, पाणी मोजत नाही. नळ सगळ्यांचे सारखे, म्हणून बिल सारखं. टँकरचा खर्चही तसाच सारखा वाटला जायचा. बँकेच्या भाषेत सांगायचं तर संयुक्त खातं, पैसे सगळ्यांनी सारखे भरायचे आणि काढायचे ज्याने त्याने हवे तेवढे, पासबुक कोणालाच नाही. अशा खात्यात काटकसर करणारा नेहमी मूर्ख ठरतो. प्रत्येक घराला मीटर हा त्यावरचा खरा उपाय, पण एकेका घरात पाण्याचे तीन-तीन उभे पाइप येतात, त्यामुळे तो खर्च त्या वर्षी झेपणारा नव्हता.

शेवटी तोडगा निघाला तो आपल्या प्लंबरच्या सल्ल्याने. सगळ्यांना एकच शॉवर बसवायचा हाच मुळी चुकीचा विचार होता. हवा मिसळून धार फुगवणारे जे शॉवर मिळतात त्यांना चांगला दाब लागतो. सातव्या-सहाव्या मजल्यावर ते बसवले असते तर नुसती ठिबक सुरू झाली असती. म्हणून ठराव बदलला. पहिला ते पाचवा मजला, नवे आठ लिटरचे शॉवर. ज्यांना जुना शॉवर प्रिय आहे त्यांनी शॉवरच्या मानेत पाणी कमी करणारी लहान चकती टाकायची, ती अगदी स्वस्तात मिळते. सहावा आणि सातवा मजला, काही बदल नाही, फक्त जाळीत साचलेला क्षार काढायचा. आपल्या बोअरचं पाणी जड आहे. शॉवरचं तोंड रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं की छिद्रं मोकळी होतात. आणि खर्च ज्याचा त्याने न करता सोसायटीच्या निधीतून, कारण फायदा एकाच्या बाथरूममध्ये दिसत नाही, तो इमारतीला होतो. ठराव मंजूर झाला. विरोधात चार मतं पडली, त्यांतली दोन घरं पुढे आपणहून आली.

जमाखर्च

आता आकडे. पाच मिनिटांच्या अंघोळीला आधी ७५ लिटर, नंतर ४०. वाचले ३५. यातली दुसरी जमा लोकांच्या लक्षात येत नाही, ती विजेची. ३५ लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट वीज लागते. घरात चार माणसं आणि सगळे गरम पाण्याने शॉवर घेणारे असतील, तर महिन्याला ७० युनिटांच्या आसपास. ज्या सभासदांना पाण्याच्या गोष्टी पटल्या नव्हत्या त्यांना विजेचं बिल पटलं. सौरबंब असलेल्या विंगेला हा फायदा कमी, पण तिथे गरम पाणी शेवटच्या माणसापर्यंत पुरू लागलं.

खर्चाची बाजूही सांगितली पाहिजे. काही घरांत नव्या शॉवरखाली लोक जास्त वेळ उभे राहू लागले. आठ लिटरचा शॉवर दहा मिनिटं चालवला तर ८० लिटर होतात, म्हणजे जुन्यापेक्षा वाईट. तरुण मंडळींनी याचा राग मानू नये, गणित आहे. शिवाय त्याच महिन्यात आपण गळके फ्लश आणि बॉलकॉकही दुरुस्त केले. त्यामुळे टँकर कमी झाले त्याचं सगळं श्रेय शॉवरच्या खात्यावर टाकणं बरोबर होणार नाही. आणि २० लिटरच्या बादलीला आपला नवा शॉवरही हरवू शकलेला नाही. ज्यांना गुडघ्यांमुळे पाटावर बसता येत नाही, त्यांनी स्टूल घ्यावं.

पण एक नोंद कोणत्याही वजाबाकीशिवाय करता येते. खालच्या मजल्यांचे शॉवर बदलल्यावर पंधरा दिवसांनी मी सकाळी आठ वाजता काकूंकडे बादली आणि घड्याळ घेऊन गेलो. त्यांच्या घरात एक वॉशरसुद्धा बदललेला नव्हता. मिनिटाला पाच लिटरहून थोडं जास्त आलं, भर गर्दीच्या वेळी. शॉवर पहिल्या मजल्यावर बदलले आणि पाणी सातव्यावर पोचलं. काकू आता सहाला उठतात. मला म्हणाल्या, "खालच्या सगळ्यांना माझा निरोप सांगा, की झोप होते." तो निरोप मी या लेखातून पोचवतो आहे.

पुढे

पुढच्या पंचवीस वर्षांच्या समितीसाठी तीन कामं लिहून ठेवतो. एक, पाइप बदलायची वेळ येईल तेव्हा एका घराला एकच येणारा पाइप करून मीटर बसवावा. तेव्हाच आपलं संयुक्त खातं बंद होईल. दोन, नवीन सभासद बाथरूमचं नूतनीकरण करतात तेव्हा पुन्हा ताटाएवढे शॉवर येऊ लागले आहेत. ना हरकत पत्र देताना मजला पाहून शॉवर किती लिटरचा, हे विचारावं. तीन, दर दोन वर्षांनी बादली-घड्याळाची मोजणी करावी. त्याला इंजिनिअर लागत नाही. दहा लिटरची बादली शॉवरखाली धरा, ती भरायला किती सेकंद लागतात ते मोजा आणि ६०० ला त्या सेकंदांनी भागा. येईल तो आकडा मिनिटाला लिटर. चाळीस सेकंदांत बादली भरली तर पंधरा लिटर, आणि तुम्ही पाचव्याच्या खाली राहत असाल तर चकती सोसायटीच्या ऑफिसात ठेवलेली आहे.

मोजणीची वही ऑफिसच्या कपाटात दुसऱ्या खणात आहे, पाठीवर "पाणी" असं लिहिलेलं. शेवटची नोंद माझ्या अक्षरात आहे. पुढची कोणीतरी तरुणाने करावी.